फोरग्राउंडची पंचाईत : जलरंगाची वही, आठवडा १४ ते १९

आठवडा १४

कागद पाव शीट, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस (जरा खरखरीत). रंग नेहमीचेच चार : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा सॅप ग्रीन. जागा कोल्हापूरचा रंकाळा तलाव, समोर संध्यामठ. सकाळी साडेसहाला बसलो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पहिल्यांदाच वरून खालपर्यंत एका दमात उतरला, मधे कुठं कड वाळली नाही. खुशीत घरी आलो.

पोरीनं आजवरची चौदाही चित्रं व्हरांड्यात दोरीला चिमटे लावून टांगली. जरा मागं सरकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं तरंगतंय."

बघतो तर खरंच. शालिनी पॅलेस तरंगतोय, टॉवर तरंगतोय, झाडं तरंगतायत. चौदा चित्रांत मिळून वीतभर जमीन नाही. प्रत्येक कागदाचा खालचा चतकोर, म्हणजे फोरग्राउंड, पुढची जमीन, कोरा. आजवर ती माझी स्टाइल म्हणून मी आपल्या चित्रकलेच्या ग्रुपात तुमच्यात खपवली. तुम्हीही भिडेखातर बोलला नसाल.

आठवडा १५

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत होतो. नायकाच्या हुद्द्यावरून घरी आलो, पण आपल्याकडं फौजी म्हटलं की तो मेजरच. त्यामुळं तुम्ही मला मेजर म्हणता ते मी चालवून घेतो.

डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, पाकिस्तानच्या सीमेवर फौज उभी राहिली, तेव्हा सीमेला लागून सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये माघारीचा निर्णय झाला, मग ते काढायची पाळी आली. राजस्थानात वाळू एका जागी थांबत नाही. नकाशावर एक ठिकाण, सुरुंग भलतीकडं. २००३ मध्ये माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. नवा पाय पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवला. ते केंद्र दुसऱ्या महायुद्धातलं, १९४४ चं.

पाय उत्तम आहे, तक्रार नाही. पण तेव्हापासून मी कच्च्या जमिनीवर चालत नाही. डांबर, फरशी, सिमेंट चालतं. टाकळीला शेतात जायचं झालं तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून, चाकानं दाबलेल्या मातीवरूनच. भावाला हे माहीत आहे. मी येणार असलो की तो आधी ट्रॅक्टर एकदा फिरवून ठेवतो. यावर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

आणि हाच माणूस कागदावर जमीन काढत नाही, हे कळायला त्याला चौदा आठवडे आणि एक पोरगी लागली.

आठवडा १६

तीन कागद वाया गेले. पहिल्यात पुढची जमीन एकसारखी हिरवी झाली, बिलियर्डचं टेबल. दुसऱ्यात ओल्यावर ओलं लावायला गेलो, पाणी जास्त झालं आणि मधोमध फ्लॉवरचा गड्डा फुटला. तिसऱ्यात मी गवताऐवजी फरशीच काढली! हात आपला मुकाट्यानं फरशीकडं गेला.

आपले ड्रॉइंगचे सर म्हणाले, "मेजर, पुढची जमीन धरल्याशिवाय तळ्याला लांबी येत नाही. डोळ्याला पाय टेकायला जागा लागते." त्यांना माझं हे सगळं माहीत नाही. बोलून गेले आणि चहा मागवला.

टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आलो. आबालाल रहिमान १९३१ साली गेले. याच रंकाळ्याच्या, कोटितीर्थाच्या काठावर बसून रंगवायचे. या खेपेला त्यांच्या चित्रांची फक्त खालची कड बघत फिरलो. रखवालदाराला संशय आला असावा, तो दोन वेळा मागं येऊन उभा राहिला.

मागच्या आठवड्यात एकानं विचारलं होतं की चित्रकलेनं जखम बरी होते हे खूळ कुठलं. खूळ जुनं आहे. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार पहिल्या महायुद्धात आघाडीवर चित्रं काढायचा. १९३८ मध्ये क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडला, तिथं पडल्यापडल्या स्वतः काढू लागला आणि मग शेजारच्या खाटांवरच्यांना काढायला लावलं. युद्धातून आलेले जखमीही त्यात आले. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये त्यानंच वापरात आणला. अमेरिकेत वॉल्टर रीडच्या लष्करी इस्पितळात डोक्याला मार बसलेले सैनिक कागदाच्या लगद्याचे मुखवटे रंगवतात. जे तोंडानं सांगता येत नाही ते मुखवट्यावर उतरतं म्हणे. माझ्याच्यानं मुखवटा होणार नाही. माझं दुखणं तोंडाचं नव्हतंच, तळव्याचं होतं.

खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये, मणक्याला इजा झालेल्या जवानांच्या केंद्रात, मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. मानेखाली हालचाल नसलेला जवान दातात ब्रश धरून झाडाची पानं काढत होता. मी तिथं दोन पायांवर (एक सरकारी) उभा होतो. त्या दिवशी परतताना रंगपेटी घेतली, आणि ती नंतर कित्येक वर्षं कपाटात पडून राहिली, हेही सांगून टाकतो.

आठवडा १७

पाऊस. काम नाही. संध्याकाळी नसलेल्या पायाची बोटं खाजत होती. चित्र काढायला लागल्यापासून हे थांबलं का, असं विचारणाऱ्यांना एकदाच सांगतो : नाही.

आठवडा १८

हा आठवडा लिहून ठेवण्यासारखा.

कोरड्या ब्रशनं गवत काढायचं ठरवलं. आधी खाली यलो ऑकरचा पातळ वॉश, तो पूर्ण वाळू दिला. मग जाड रंग, ब्रश फडक्यावर टिपून घेतलेला, आणि कागदावर जवळजवळ आडवा धरून ओढायचा. उभा धरला तर रंग कागदाच्या खड्ड्यात उतरतो आणि ठिपका पडतो. आडवा धरला की फक्त उंचवट्यांना लागतो.

चार-पाच फटकारे झाले आणि मनगट ओळखीचं वाटलं. प्रॉडर, म्हणजे सुरुंग शोधायची सळई, असाच धरायचा असतो. सुरुंग शोधताना सळई मातीत उभी खुपसायची नाही, साधारण तीस अंशात तिरकी घालायची, म्हणजे ती सुरुंगाच्या माथ्यावर न बसता कुशीला लागते. थोडं घालायचं, अडलं तर थांबायचं, काढायचं, बोटभर पुढं. हजारो वेळा केलेलं काम. त्याच मापानं, त्याच शिस्तीनं हात कागदावर डावीकडून उजवीकडं निघाला होता. एकही पट्टी न सोडता.

ब्रश खाली ठेवला. पाणी प्यायलो. शर्ट पाठीला चिकटला होता.

मग पुन्हा उचलला आणि उरलेली जमीन त्याच पद्धतीनं तपासत काढली. पाऊण तास लागला. शेवटी रिगर ब्रशनं, लांब बारीक केसांच्या, खालून वर सात-आठ काड्या उडवल्या.

आठवडा १९

वाळल्यावर बघितलं. गवत फार नीट, रांगेत उगवल्यासारखं दिसतंय. उजव्या कोपऱ्यात सॅप ग्रीन कच्चाच राहिला, त्यात बर्न्ट सिएना मारायला हवा होता. पण तळं मागं गेलं, सरांचं खरं होतं. पोरीनं पंधरावा चिमटा लावला आणि म्हणाली, "टेकलं."

पुढच्या रविवारी टाकळीला जातोय. ऊस तुटलाय, फडात पाचट पडलंय. कोरड्या ब्रशला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. भावाला फोन करून सांगितलं, या वेळी ट्रॅक्टर फिरवू नको. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं." खुर्ची बांधावर टाकायची की जुन्या चाकोरीत, ते तिथं गेल्यावर बघतो.