आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यात बोटीचे पंखे

पुण्यात बसून बोटीचे पंखे कसले दुरुस्त करता, हा प्रश्न आम्हाला बँकेच्या मॅनेजरनं विचारला, विमा एजंटानं विचारला, आणि माझ्या सासरच्या मंडळींनी तर लग्नाच्या बैठकीतच विचारला. पंखे म्हणजे बोटीला पाण्यात पुढे ढकलणारे प्रोपेलर. गाळा भोसरी एमआयडीसीत. एका बाजूला प्रेसशॉप, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंग, आणि समुद्र घाट उतरल्यावर. तरी काम कधी कमी पडलं नाही.

माझे वडील, आप्पा, फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. नव्वदच्या दशकात त्यांनी हा गाळा घेतला तो पंपांच्या इंपेलरसाठी, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकांसाठी. साखर कारखाने, पाणीपुरवठा योजना, उसाच्या पट्ट्यातल्या लिफ्ट इरिगेशन सोसायट्या, सगळीकडून झिजलेले इंपेलर यायचे. वेल्डिंगनं भर घालायची, टर्निंग करायचं, बॅलन्सिंग करून परत पाठवायचं. बोटीचा पहिला पंखा आला तोही त्याच रांगेत. पानशेतकडच्या एका बोटवाल्यानं गोणपाटात गुंडाळून आणलेला, ॲल्युमिनियमचा, तीनपैकी एक पातं दुमडलेलं. आमच्या वेल्डरमामांनी ते सरळ केलं, बॅलन्सिंग झालं, बोटीची थरथर गेली. पैसे द्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "काका, आता हिला जरा जास्त पळवता येईल का?"

आप्पांना हा प्रश्न सोडवेना. पंपात इंपेलर जागेवर फिरतो आणि पाणी पुढे जातं. इथे पंखा बोटीला घेऊन स्वतःच पुढे जाणार. हिशेबच वेगळा. तो शिकण्यात आमची काही वर्षं गेली, आणि मी डिप्लोमा करून गाळ्यात आले तोवर निम्मं काम पंख्यांचं झालं होतं.

पंख्याच्या हबवर, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या भागावर, दोन आकडे असतात, समजा सव्वातेरा बाय 17. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच 17 म्हणजे पाणी जराही घसरलं नसतं तर पंखा एका फेऱ्यात 17 इंच पुढे गेला असता. पाणी घसरतंच, त्या तुटीला स्लिप म्हणतात. हलक्या स्पीडबोटीत फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, 10 ते 15 टक्के स्लिप असेल तर ठीक चाललंय म्हणायचं. एवढं कळलं की माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसते: पिच वाढवला की वेग वाढला. 17 काढा, 19 टाका. 19 असेल तर 21 टाका. आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक नवं गिऱ्हाईक हेच मागतं.

पण पंखा फिरवायला इंजिन आहे, आणि त्याच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हवेत ते छापलेलं असतं. समजा 5000 ते 6000. पिच एक इंचानं वाढला की आरपीएम साधारण 150 ते 200 नं उतरतात. पंखा जड पडला की इंजिन त्या टप्प्यात पोचतच नाही. खंबाटकीचा घाट भरल्या ट्रकनं टॉप गिअरमध्ये चढायला घ्यावा, तसं ते कुंथत राहतं. ताकद मिळत नाही, कार्बन धरतो, पिस्टनचे हाल होतात ते वेगळेच. उलट पिच फारच कमी केला तर इंजिन बोंबलत लिमिटरला (आरपीएम हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या सोयीला) थडकतं आणि वेग तिथेच अडतो. म्हणून बोट किती पळते हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवून फुल थ्रॉटलला टॅको, म्हणजे आरपीएमचा काटा, किती दाखवतो?

त्यातून आपल्याकडच्या धरणांची एक गोम आहे, ती मुंबईचे डीलर सहसा सांगत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, आणि पानशेत, मुळशी, पवना यांचं पाणी त्याहून थोडं वरच. हवा विरळ झाली की इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. साधारण 300 मीटर चढलं की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्क्यांनी उतरते. मांडव्याला झकास चाललेली बोट ट्रेलरवर घालून धरणावर आणली की सहाएक टक्के ताकद घाटातच राहते. एप्रिल-मेच्या उन्हात आणखी थोडी. पंखा मात्र तोच, समुद्राच्या पातळीवर निवडलेला. मग मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो, प्लग बदलतो, पेट्रोलला शिव्या देतो. बऱ्याचदा एक-दोन इंच पिच कमी केला की विषय मिटतो.

अशीच एक बोट कोयनेच्या शिवसागरावरून, तापोळ्याहून आली होती. मालक म्हणाला, "ताई, लय आशेनं घेतलीया, पर पळंनाच. मोठा पंखा द्या की." 115 हॉर्सपॉवरचं इंजिन, गिअर रेशो 2.07 (इंजिनाचे 2.07 फेरे झाले की पंख्याचा एक), पंखा 19 पिचचा. आम्ही माणसं बसवून चालवून बघितली तर फुल थ्रॉटलला टॅको 4800 वर अडकलेला आणि जीपीएसवर ताशी 56 किलोमीटर. हिशेब सोपा आहे. 4800 ला 2.07 नं भागलं की पंख्याचे मिनिटाला 2319 फेरे, प्रत्येक फेऱ्याला 19 इंच, म्हणजे कागदावर ताशी 67 किलोमीटर. 16 टक्क्यांवर स्लिप. आम्ही 17 पिचचा लावला आणि ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर, इंजिन एक भोक वर घेतलं, कारण पाण्याखालचा भाग गरजेपेक्षा खोल बसला होता आणि नुसता पाण्याला अडत होता. आरपीएम 5300 वर गेले. आता कागदावरचा वेग ताशी 66, म्हणजे आधीपेक्षा एकानं कमी, आणि जीपीएसवर 59. मालक टॅकोकडे बघायलाच तयार नव्हता. त्याला फोनवरचा तो 59 तेवढा दिसत होता, आणि काठावर उभ्या असलेल्या बाकीच्या बोटवाल्यांचे चेहरे.

पंखा कमी केला की बोट जास्त पळते, यातही काही नवं नाही. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज गृहस्थानं 1836 मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा. 1837 च्या चाचणीत कालव्यात कशाला तरी धडकून तो निम्मा तुटला, आणि बोट हळू पडायच्या ऐवजी जोरात निघाली. आप्पांना हा किस्सा फार आवडतो. मोठाच पंखा हवा म्हणून हटून बसलेल्या गिऱ्हाइकाला ते चहा मागवून तो ऐकवतात, आणि ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

गाळ्यातलं खरं काम मोजमापाचं. हबवरचा आकडा पंखा कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा असतो. दोनदा दगडाला घासून, गावातल्या वेल्डरकडून ठोकून आलेल्या पंख्यात दोन पाती 19 ची आणि तिसरं साडेसतराचं, असं सर्रास सापडतं. आम्ही पंखा सरफेस प्लेट या सपाट टेबलावर मँड्रेलच्या दांड्यात बसवतो, ठरलेल्या त्रिज्येवर उंची मोजणारा हाइट गेज टेकवतो आणि पंखा 30 अंशांनी फिरवतो. पात्याची उंची तेवढ्यात जितकी उतरेल त्याची बारा पट म्हणजे पिच. 19 इंचाला सुमारे 40 मिलिमीटर उतार यायला हवा. एका मिलिमीटरची चूक म्हणजे पिचमध्ये जवळजवळ अर्धा इंच. म्हणून प्रत्येक पात्याला हबपासून टोकापर्यंत जागोजागी माप घेतो आणि पात्यावरच खडूनं लिहितो. सरळ करताना मामा त्या खडूकडे बघत लाकडी हातोड्यानं ठोकतात, पुन्हा माप, पुन्हा ठोक. मागच्या कडेला किंचित वळण देतात, त्याला कप म्हणतात. त्यानं पातं पाणी घट्ट धरतं, वळणावर किंवा इंजिन वर घेतल्यावर हवा ओढत नाही. पण कप जास्त झाला तर पिच वाढवल्यासारखेच आरपीएम पडतात. मामांचा अंगठा त्या कडेवरून फिरला की सहसा गेज तेच सांगतं.

धरणातल्या बोटींना मी स्टेनलेस स्टीलचा पंखा सहसा सुचवत नाही. त्यात आमचा नफा जास्त आहे, तरीही. स्टेनलेसची पाती पातळ असतात, जोरात वाकत नाहीत, वरच्या वेगाला थोडी बढत मिळते हे खरंच. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या बांधांचे दगड वर येतात. ॲल्युमिनियमचं पातं तिथे स्वतः मोडतं. स्टेनलेसचं मोडत नाही, धक्का आत शाफ्टला आणि गिअरबॉक्सला बसायची भीती असते. धक्का सोसायला हबातलं रबर मधे आहे, पण दर वेळी तेच वाचवील असं नाही. मालवण-तारकर्लीच्या खोल पाण्यात, पॅरासेलिंगच्या बोटींना आम्ही आनंदानं स्टेनलेस देतो. चार पात्यांचंही तसंच. माणसं भरून झटकन पाण्यावर उठायचं असेल तर चार, निव्वळ वरचा वेग हवा असेल तर बहुधा तीनच बरी.

बाकी वाटचाल चारचौघांसारखी. बॅलन्सिंग मशीनसाठी कर्ज, जीएसटीची धावपळ, लॉकडाउनमध्ये पर्यटन बंद आणि गाळ्यात शुकशुकाट. तेव्हा पुन्हा इंपेलरनीच तारलं, म्हणून ते काम आम्ही अजून सोडलेलं नाही. पावसाळ्यात समुद्रावरची जलक्रीडा बंद असते, तोच आमचा हंगाम. जून उजाडला की कोकणातून एसटी पार्सलनं पोती यायला लागतात आणि गणपतीपर्यंत गाळ्यात चालायला जागा उरत नाही. हबवर रंगानं मालकाचं नाव लिहिलेलं असतं, कधी नुसतंच "दादाचा".

फोनवर पिच सांगा म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. त्यावरून काही जण चिडून दुसरीकडे गेले, त्यातले थोडे परतही आले. आम्हाला इंजिनाचं मॉडेल, गिअर रेशो, हबवरचे दोन आकडे, रोजची माणसं आणि फुल थ्रॉटलचे आरपीएम कळवा. वेग फोनच्या जीपीएसवरच बघा, बोटीवरच्या काट्यावर जाऊ नका. खाडीत असाल तर जाताना आणि येताना असा दोन्हीकडचा घ्या, भरती-ओहोटी एका बाजूचा आकडा फुगवते. शक्यतो तळ घासून, बोटीत साठलेलं पाणी उपसून मगच चाचणी करा, नाहीतर शेवाळाचा दोष पंख्यावर येतो.

टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरला लावायचा आमचा एक आहे, तो डिपॉझिट घेऊन पाठवतो. परत पाठवताना क्लिप तेवढी आठवणीनं सोबत घाला, ती दर वेळी तिकडेच राहते.