काच थोडी खाली

आज मिलन सबवेपाशी पाऊस वाढला तशा मी गाडीच्या काचा वर घेतल्या. मागून काका म्हणाले, "माझी राहू दे थोडी खाली."

बाही भिजत होती, तरी ऐकेनात.

काका पोलिसांतून रिटायर झालेत. २६ जुलै २००५ ला ड्युटीवर होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस. बुडालेल्या गाड्यांची दारं उघडेनात, काचा उतरेनात. आत माणसं गुदमरून गेली.

"काठीने काच फोडली रे. पण तो झोपल्यासारखा बसला होता. बेल्ट लावलेला."

एवढंच बोलले. मग बाहेर बघत राहिले, हात काचेच्या कडेवर.

मिठी नदी, तुंबलेले नाले, सगळ्यावर घरात वाद घातले आम्ही. त्या रात्री काकांनी काय पाहिलं, हे इतक्या वर्षांत एकदाही का नाही विचारलं?