आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून स्टोव्हच्या निवडीपर्यंत

आमचा व्यवसाय स्टोव्ह दुरुस्तीतून उभा राहिला. डोंगरभटके लोक बंद पडलेले स्टोव्ह आणून द्यायचे. कुठे जेट, म्हणजे इंधन बाहेर सोडणारे बारीक छिद्र, काजळीने बुजलेला, कुठे पंपाचा चामडी वॉशर सुकून आकसलेला. १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट यांनी प्रायमस हा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. पंपाने हवा भरायची, दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या नळीत वाफ होते आणि निळी ज्योत मिळते, एवढीच त्याची रचना. तिच्यावर आमचा आजही जीव आहे, कारण ती उघडता येते, साफ करता येते.

पुढे गॅसचे छोटे बर्नर दुरुस्तीला येऊ लागले आणि धंद्याची दिशा बदलली. ‘डोंगरावर पेटलाच नाही’ म्हणून परत आलेले कित्येक बर्नर आमच्या टेबलावर मात्र झकास पेटत. दोष कॅनिस्टरमधल्या, म्हणजे बर्नरला जोडायच्या छोट्या डब्यातल्या, गॅसचा असे. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो; त्याहून थंड हवेत त्याची वाफच होत नाही. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून थंडीत या वायूंचे मिश्रण लागते. तरीही प्रोपेन आधी उडून जातो आणि अर्धे रिकामे कॅनिस्टर पहाटे मंदावते. हे गिऱ्हाइकाला आधीच कुणी समजावून सांगितलेले नसे. ते काम आपण करायचे, असे ठरवून आम्ही विक्री आणि भाडे सुरू केले.

वजनाबद्दल आमचे मत ठाम आहे. बर्नर शंभर ग्रॅमच्या आत बसतो, पण पाठीवर एकटा बर्नर जात नाही. ११० ग्रॅम गॅसच्या कॅनिस्टरचा नुसता पत्राच साधारण तेवढ्याच वजनाचा असतो, शिवाय भांडे आणि वाऱ्याचा आडोसा. म्हणून आम्ही सगळा संच इंधनासकट तराजूवर ठेवून दाखवतो. स्पिरिटचा स्टोव्ह इथे फार लोभस वाटतो. एक-दोन रात्रींसाठी तो खरोखर उत्तमही आहे, पण स्पिरिटमध्ये ग्रॅममागे उष्णता गॅसच्या जेमतेम साठ टक्के. मुक्काम वाढले की बाटली जड होत जाते. त्यात उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून कुणी वरून स्पिरिट ओतले तर भडका उडतो.

बर्फात जाणाऱ्यांशी आम्ही सर्वांत जास्त वेळ बोलतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पुढे शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ४२०. प्यायचे पाणीच बर्फातून काढायचे असेल तर इंधनाचा हिशेब जवळपास दुप्पट होतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एमएसआर या कंपनीने इंधनाची बाटलीच टाकी म्हणून जोडलेला स्टोव्ह आणला, तो याच गरजेतून. मोठ्या गटाला बर्फात आम्ही अजूनही असा द्रव इंधनाचा स्टोव्हच देतो, जड असला तरी.

काही माल आम्ही ठेवतच नाही. कॅनिस्टरवर थेट बसणाऱ्या बर्नरला चहूबाजूंनी वेढणारा पत्र्याचा आडोसा त्यातला एक. वारा अडतो, पण उष्णता खाली कोंडून कॅनिस्टर तापते आणि ते फुटू शकते. वाऱ्याच्या जागी जायचे असेल तर नळीने लांब जोडलेला बर्नर घ्यावा. त्याला आडोसा बिनधास्त लावता येतो.

आता कुणी स्टोव्ह मागायला आले की आधी आम्ही विचारतो : थंडी किती, माणसे किती, मुक्काम किती, विमानाने जाणार का? विमानात गॅसचे कॅनिस्टर नेता येत नाही, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर काय मिळेल यावर निवड ठरते. मग उघड्यावर, आमच्यासमोर, गिऱ्हाईक स्वतः स्टोव्ह जोडते, पेटवते, बंद करते. बंद तंबूत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे आम्ही तेव्हाच सांगतो. त्यानंतरच स्टोव्ह पिशवीत भरून देतो.