राणी नसलेली पेटी

अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यातील चिरिकाहुआ डोंगरांत, पोर्टल या छोट्या वस्तीजवळच्या संशोधन केंद्रात मी एका पावसाळ्यात मदतनीस म्हणून राहिले होते. (तिथेही पाऊस जुलैमध्येच येतो, एवढ्यावरच ती जागा मला आवडली.) काम पॉलिएर्गस या मुंग्यांचे होते. त्यांना ‘गुलाम पकडणाऱ्या’ म्हणण्याची रीत आहे. मला तो शब्द मुंग्यांना लावणे पटत नाही, म्हणून मी लुटारू म्हणते.

ऊन कलले की टेहळणी करून आलेली एखादी मुंगी शेकडो जणींना घेऊन निघते, फॉर्मिका वंशाच्या मुंग्यांच्या वारुळात शिरते आणि सगळी टोळी कोष तोंडात धरून परतते. त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या फॉर्मिका मुंग्या ज्या घराच्या वासात जन्मल्या तेच आपले मानून राबतात. त्यांच्यावाचून लुटारूंचे चालत नाही, कारण विळ्यासारखे जबडे लढाईला उत्तम असले तरी त्यांनी ना पिल्ले सांभाळता येतात, ना स्वतःचे पोट भरता येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाजवळ स्विस निसर्ग-अभ्यासक पियेर ह्युबेर यांनी युरोपातील लुटारूंना मधासह कोंडले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणी मधाशेजारीच उपाशी मेल्या; मग आत सोडलेल्या एकाच फॉर्मिका मुंगीने उरलेल्यांना भरवून जगवले.

या टोळीतूनच नव्या राण्याही चालतात, वाटेत त्यांचे मीलन होते, त्या पंख टाकतात आणि फॉर्मिकाचे एखादे वारूळ गाठतात. आत काय घडते, हे पाहण्यासाठी आम्ही अशा राण्या वेचून आणत असू.

पहिल्या खेपेस मी स्वतःच्या हुशारीने घात केला. प्लास्टरच्या तळाच्या आणि काचेच्या झाकणाच्या पेटीत १५ फॉर्मिका कामकरी मुंग्या व काही कोष ठेवले, पण त्यांची राणी मुद्दामच ठेवली नाही. गादी रिकामी असेल तर परकी राणी सहज बसेल, असा माझा हिशेब होता. कामकऱ्यांनी पाय ओढून ओढून तिला ठार केले. माझ्या मार्गदर्शकांनी वहीतील नोंद वाचली आणि राणी का काढली, एवढेच विचारले.

चार दिवसांनी दुसरी पेटी मांडली, या वेळी राणीसह. परकी आत जाताच कामकरी तिच्यावर तुटून पडल्या. पण परकीच्या पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतील स्रावामुळे त्यांचा जोर ओसरतो, आणि ती थेट राणीपर्यंत पोहोचली. तिच्या पाठीवर चढून तिने जबडे आधी डोक्यात, मग छातीत, मग पोटात खुपसले, आणि दोन चाव्यांच्या मध्ये ती जखम चाटत होती. नुसते मारायचेच असते तर इतका वेळ लागला नसता. माझ्या घड्याळात २५ मिनिटे होत आली तरी ते चाटणे चालूच होते.

राणीचे पाय आखडले, आणि मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून पुन्हा लावले. काही क्षणांपूर्वी परकीच्या पायांना लटकलेल्या कामकरी शांतपणे जवळ आल्या, मिशांनी तिला चाचपू लागल्या आणि तिचे अंग साफ करू लागल्या. मुंगीची ओळख तिच्या अंगावरील मेणचट थराच्या वासावरून पटते, आणि तो वास तिने मरणाऱ्या राणीकडून घेऊन स्वतःला माखला होता. माझ्या पहिल्या पेटीत घ्यायला वासच नव्हता. गादी रिकामी करून मी तिचे काम सोपे केले नव्हते. जिच्यावाचून तिचा निभाव लागणार नव्हता, तीच मी काढून घेतली होती.

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण इथे तोकडी पडते, कारण नागोबाला फक्त बीळ हवे असते. हिला दायाही हव्या असतात. तिची अंडी, अळ्या आणि कोष याच कामकरी वाढवतात. त्या म्हाताऱ्या होऊन घटू लागल्या की राणीच्या लेकी नवे कोष लुटायला बाहेर पडतात.

संध्याकाळपर्यंत तिने विखुरलेले कोष गोळा करून त्यांचा ढीग रचला होता आणि ती त्यावर उभी होती. पेटीवरील चिठ्ठीत मी सकाळी ‘फॉर्मिका: कामकरी १५, राणी १’ असे लिहिले होते. मोजून पाहिले, तर दोन्ही आकडे तसेच होते. मी ‘राणी’ या शब्दाआधी ‘पॉलिएर्गस’ एवढेच लिहिले आणि झाकणावर लाल कागद ओढला.