पूल्ड अॅनालिसिस आणि बार्टलेटपाशी अडलेली फाइल

पिकाच्या वाणांची अनेक ठिकाणी तुलना करणारा प्रयोग होता. पेरणी, नोंदी, प्रत्येक ठिकाणाचा स्वतंत्र अॅनोव्हा (वाणांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारं विश्लेषण), सगळं सुरळीत झालं. अडलं ते पूल्ड अॅनालिसिसला, म्हणजे सगळ्या ठिकाणांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणाला. १२ वाण, ३ रिप्लिकेशन (प्रत्येक ठिकाणी सगळ्या वाणांची पुनरावृत्ती), ६ ठिकाणं, २ हंगाम. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एररचे (वाण आणि रिप्लिकेशन सोडून उरणाऱ्या चढउताराचे) डी.एफ., म्हणजे स्वातंत्र्यांश, ११ × २ = २२. एररचा व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) सगळीकडे सारखा आहे का हे बघणारी बार्टलेट चाचणी सिग्निफिकंट आली, म्हणजे ठिकाणांचा एरर व्हेरियन्स सारखा नव्हता. तपासणी विभागाने फाइल परत पाठवली: ‘जास्त सी.व्ही.ची (सरासरीच्या तुलनेत एररची टक्केवारी) ठिकाणं वगळा, मगच पूल करा.’ कारण विचारलं तर ‘पद्धत आहे’ एवढंच उत्तर.

याचा राग मला अजूनही येतो. कोरडवाहू ठिकाणी जमीन खालीवर, पावसाने ओढ दिलेली. तिथे एरर जास्त येणारच. ती ठिकाणं काढली की उरतात पाण्याची सोय असलेली, आणि शिफारस मात्र सगळ्यांसाठी करायची? वाण आणि ठिकाण यांची आंतरक्रिया, म्हणजे ठिकाणागणिक वाणांमधला फरक कसा बदलतो, ते बघायलाच तर प्रयोग इतक्या जागी घेतो. शिवाय बार्टलेट चाचणी नॉर्मॅलिटीबाबत (एरर घंटेच्या आकारात पसरलेला असण्याबाबत) फार हळवी. एखाद्या बिघडलेल्या प्लॉटनेही ती सिग्निफिकंट येऊ शकते. आधी रेसिड्युअलचा (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचा) आलेख बघा. एरर असमान असण्याचा प्रश्न नवा नाही, संख्याशास्त्रज्ञ येट्स आणि कॉक्रन यांनी १९३८ सालीच त्याची चर्चा केली आहे.

उपाय मिक्स्ड मॉडेलमध्ये (स्थिर आणि रँडम, दोन्ही घटक एकत्र धरणाऱ्या मॉडेलमध्ये) मिळाला. प्रत्येक ठिकाण-हंगामाला स्वतःचा एरर व्हेरियन्स द्यायचा. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘एनएलएमई’ पॅकेजमध्ये ‘व्हॅरआयडेंट’ने हे होतं, ‘एलएमई४’मध्ये ही सोय नाही, तिथे वेळ घालवू नका. ठिकाणं वगळून आणि न वगळता असे दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवले, वाणांचा क्रम कुठे बदलतो ते दाखवलं, तेव्हा फाइल पुढे सरकली. एकही ठिकाण गाळावं लागलं नाही, याचा मला अभिमान आहे.

साध्या अॅनोव्हानेच जाणार असाल तर ठिकाणं-हंगाम रँडम (मोठ्या समूहातून निवडलेला नमुना) धरल्यावर वाणांची एफ चाचणी पूल्ड एररने करू नका, आंतरक्रियेच्या एम.एस.ने (मीन स्क्वेअरने) करा. नाहीतर फरक नसतानाही दिसतो. दोनच हंगाम असतील तर वाण × हंगामाच्या अंदाजावर फार विसंबू नका.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: नेट प्लॉटचा (कडा सोडून ज्याचं उत्पादन मोजतो त्या भागाचा) आकार ठिकाणागणिक वेगळा असेल तर उत्पादन आधी हेक्टरी करून घ्या, आणि रिप्लिकेशन ठिकाण-हंगामात नेस्टेड, म्हणजे त्या-त्या ठिकाण-हंगामापुरतंच वेगळं, लिहा. एका ठिकाणच्या पहिल्या रिप्लिकेशनचा दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्याशी काही संबंध नसतो, पण क्रमांक तोच दिला की सॉफ्टवेअर दोन्ही एकच धरतं.