बाप बोलते तसं

रविवार, रात्रीचे साडेदहा

आई आत्ता झोपली. दोन दिवसांचं लिहायचं राहिलंय, पण कालचं सोडूनच देते. काल नागपूरच्या साहित्य महोत्सवाचं उद्घाटन होतं, भाषणं होती. आजचं मात्र उद्यावर टाकायचं नाही.

सकाळी छत्रपती चौकातून मेट्रो धरली, झिरो माईलला उतरले आणि सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहापर्यंत कोवळ्या उन्हात पायी गेले. या साहित्य महोत्सवात मराठीची सत्रं मोठ्या सभागृहात आणि हिंदीची छोट्या दालनात ठेवली आहेत. मधल्या व्हरांड्यात दोन्हीकडचे लोक एकाच ठेल्यावरचा चहा पितात आणि परत आपापल्या दारानं आत जातात. पहिलं सत्र तेवढं अपवाद ठरलं. मुक्तिबोध बंधूंवरचं होतं, म्हणून दोन्हीकडचे श्रोते एकत्र बसले होते. थोरले गजानन माधव हिंदीचे कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी, कादंबरीकार. घरची भाषा मराठी. थोरल्यांनी नागपुरात आकाशवाणीत काम केलं, ‘नया खून’ साप्ताहिकात काम केलं आणि १९५८ मध्ये राजनांदगावला गेले. धाकट्यांना मराठीतल्या समीक्षेसाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा एवढ्या उंचीवर नेल्या. त्यांच्या या गावात आपण दोन भाषांसाठी दोन दारं का करतो, हे माझ्या मनातून जात नाही.

या गावाला दोन भाषा काही परक्या नाहीत. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, आणि त्या प्रांतात मराठी नि हिंदी दोन्ही मुलूख होते. बाजारात हिंदी, घरात मराठी. ‘जा रहा हूँ’ ऐकत वाढलेला माणूस ‘जाऊन राहिलो’ म्हणतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

हे लिहितेय कारण दुपारी तो मुलगा उभा राहिला.

बोलीतल्या लेखनावर एका कादंबरीकारांची मुलाखत होती. वेळ पन्नास मिनिटं, त्यातली पंधरा शाल-श्रीफळात गेली. (पाहुण्यांचा मान ठेवावा, पण श्रोत्यांच्या प्रश्नांचा वेळ कापून नको. याचं मला खरंच वाईट वाटतं. माणसं लांबून प्रश्न घेऊन आलेली असतात.) शेवटी दोनच प्रश्न होतील असं सांगितलं गेलं. मागच्या रांगेतला, विशीतला मुलगा माइक हातात घट्ट धरून म्हणाला, “सर, मी गोष्ट लिहून राहिलो. माह्या बापाची. बाप बोलते तसं लिहिलं तं कॉलेजात म्हणते हे अशुद्ध आहे. शुद्ध केलं तं तो माहा बापच नाही वाटत. काय करू?”

कुणी हसलं नाही, हे विशेष लिहून ठेवते.

कादंबरीकारांनी लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाले, “बाप बोलतो ते एखादं वाक्य वाच.” त्यानं मोबाइल काढला. वाक्य असं होतं: “पाणी नाही आलं तं कापूस मरते, आन् पाणी आलं तं भाव मरते.” सभागृह क्षणभर गप्प झालं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच कार्यक्रमपत्रिकेच्या मागे उतरवून घेतलं. बोली चवीपुरती पेरू नकोस. एक शब्द तीन पानांवर तीन तऱ्हेनं लिहू नकोस. स्वतःचा नियम ठरव आणि शेवटपर्यंत पाळ. उच्चार दाखवण्यासाठी अक्षरं मोडत बसू नकोस, वाक्याची चाल सांभाळ, बाप चालीत असतो. आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाच. १९६० ची कादंबरी आहे, तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि ती वाचताना ती अशुद्ध आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

मुलगा “हाव सर” म्हणून खाली बसला. दुसरा प्रश्न झालाच नाही.

चोवीस वर्षं मी मराठी शिकवते. ‘माझे बाबा’ या निबंधात कुणी ‘बाबा भाजी विकून राहिले होते’ लिहिलं की लाल रेघ ओढून वर ‘विकत होते’ लिहिते. परीक्षेच्या उत्तरात प्रमाण मराठी यायला हवी, यावर मी आजही ठाम आहे. ती आली नाही तर पोरांचं पुढे नुकसान होतं, मी पाहिलंय. पण बाबांच्या तोंडच्या वाक्यांवरही मी तशीच रेघ ओढत आले. त्या पोरांना मी काय सांगत होते? तुझा बाप चुकीचा बोलतो, एवढंच ना?

आणि त्याच वर्गात दरवर्षी रंगून सांगायचे, की महानुभाव पंथातले केसोबास संस्कृतात लिहू म्हणाले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे ज्ञानाला मुकतील, म्हणाले. त्या पंथाचं रिद्धपूर इथून काही फार लांब नाही. परतताना मेट्रोत हे आठवलं आणि घरी बसलेली आई आठवली. ती ब्याऐंशीची, काटोलची. दोन्ही दिवस तिला नेलं नाही. पायांचं कारण तिला सांगितलं होतं. खरं कारण हे, की तिला त्यातलं काय कळणार असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, “काय सांगून राह्यले होते ते मोठे मोठे लोकं?”

मी सगळं सांगितलं. मुलाचं वाक्य सांगितलं. “बराबर हाये,” एवढंच म्हणाली आणि बराच वेळ हातातल्या वालाच्या शेंगा सोलत राहिली. जेवणानंतर कपाटातून ‘धग’ काढली आणि तिला वाचून दाखवायला लागले. पहिल्या पानांवर ती बोलली नाही. मग कादंबरीची नायिका कौतिक, तिच्या तोंडचं एक वाक्य आलं, तसा तिनं हात वर केला.

“थांब. असं नाही म्हणत आमच्या इकडं. हे अमरावतीकडचं होय.”

“मग तुमच्याकडे काय म्हणतात?”

तिनं सांगितलं. मी पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. झोप येईपर्यंत तिनं असे सात शब्द सांगितले. बाकीचे उद्या सांगते म्हणाली.