रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखते कशामुळे?

“तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले ना? मग अजून दुखतंय कशामुळे?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आणि पूर्वी काही डॉक्टरांनीही विचारला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते, पण हळदीकुंकवाच्या गर्दीत किंवा लोकलच्या दारात उभे राहून त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून ते आज नीट लिहिते आहे.

माझ्या आजाराचे नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. अलीकडे डॉक्टर त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम असेही म्हणतात. मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, भरू लागली की ओटीपोटात खाली दाब येतो आणि चिरत गेल्यासारखे दुखते. लघवी करून आले की थोडा वेळ बरे वाटते आणि पिशवी पुन्हा भरू लागली की तेच दुखणे परत येते. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. सर्वांत वाईट आठवड्यातल्या माझ्या नोंदी पाहिल्या, तर एका वेळी ६० ते ८० मिलिलिटर, दिवसा २० वेळा आणि रात्री ७ वेळा असे आकडे दिसतात. रात्री सात वेळा उठणाऱ्या माणसाला झोप अशी मिळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला लोक चिडचिड म्हणतात.

सुरुवात साध्या जळजळीने झाली. आपल्याकडे त्याला उन्हाळी लागली म्हणतात, आणि उन्हाळीवरचे उपाय घरोघरी पाठ असतात: धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा घातलेले माठातले पाणी, शहाळे. सासूबाईंनी हे सगळे न कंटाळता केले. उतार पडेना तेव्हा मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी संसर्ग समजून प्रतिजैविके दिली, आणि पुढच्या १४ महिन्यांत तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून मी अशा गोळ्यांचे ९ कोर्स घेतले. लघवी कल्चरला पाठवली, तर जंतू वाढतात का ते कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि रुग्ण समोर कळवळत असतो, म्हणून गोळ्या आधीच सुरू होतात. ते मी समजू शकते. मला अजूनही खटकते ते हे, की प्रत्येक कल्चरच्या कागदावर ‘जंतूंची वाढ नाही’ असे छापून येत होते आणि तरीही पुढच्या वेळी कागद न उघडता नव्या गोळ्या लिहिल्या जात होत्या. एका ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि तीही नॉर्मल निघाली. तिथल्या बाईंनी मला टेन्शन कमी करायला सांगितले. बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि पहिल्यांदा मलाच वाटले की हे दुखणे आपण मनानेच तर निर्माण करत नाही ना. त्या संशयाने जेवढे नुकसान केले, तेवढे नऊ कोर्सांनीही केले नसेल.

नॉर्मल या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला मला फार उशीर झाला. कल्चर नॉर्मल म्हणजे त्या चाचणीत वाढू शकणारे जंतू सापडले नाहीत, आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे खडा, गाठ, सूज असे काही दिसले नाही. जे शोधले ते नव्हते, एवढेच तो कागद सांगतो. दुखणे सोनोग्राफीत दिसत नाही.

ज्या युरॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांनी, अखेर निदान केले, त्यांनी फाइल बाजूला ठेवून आधी एक प्रश्न विचारला: “लघवी करताना जास्त दुखतं, की लघवी साठल्यावर?” तोवर हा फरक मला कोणी विचारला नव्हता. संसर्गात बहुधा लघवी होताना आग होते. माझे दुखणे साठण्याबरोबर वाढत होते आणि रिकामे झाल्यावर उतरत होते. मग त्यांनी तीन दिवसांची वही लिहायला सांगितली. मोजमापाचे प्लास्टिकचे भांडे बाथरूममध्ये ठेवून किती वाजता, किती मिलिलिटर, त्या वेळी दुखणे दहापैकी किती आणि मधल्या काळात काय प्यायले, हे सगळे त्यात लिहायचे होते. त्यानंतर इतर आजार नाहीत याची खात्री करणे आले. लघवीत पू-पेशी दिसतात पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, अशा वेळी आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो, म्हणून सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी तपासायला दिली. भूल देऊन दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहिले, एक छोटा तुकडा तपासणीला पाठवला. क्षय नव्हता, खडा नव्हता, कर्करोग नव्हता. काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या भिंतीवर लालसर चट्टे दिसतात, त्यांना हनरचे व्रण म्हणतात. माझ्यात तेही नव्हते. म्हणजे दुर्बिणीचा रिपोर्टही नॉर्मलच होता, आणि तरीही त्या दिवशी मला माझ्या आजाराचे नाव मिळाले. सहा आठवड्यांहून अधिक काळ मूत्राशयाशी जोडलेले दुखणे आणि त्याला संसर्गासारखे दुसरे कारण न सापडणे, एवढ्यावर हे निदान होते. ते रुग्णाच्या सांगण्यावर उभे असते, म्हणून तो काय सांगतो हे ऐकणे हाच तपासणीचा मुख्य भाग ठरतो.

हा आजार नवाही नाही. त्याचे हे नाव अमेरिकेतले डॉक्टर अलेक्झांडर स्कीन यांनी १८८७ मध्ये वापरले होते, आणि बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी त्या व्रणांचे वर्णन १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी एकच एक कारण सापडलेले नाही. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला एक पातळ संरक्षक थर असतो; तो विरळ झाल्याने लघवीतले पोटॅशियमसारखे क्षार भिंतीत झिरपतात आणि तिथल्या नसा हुळहुळ्या होतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते, कारण ज्या दिवशी लिंबू, टोमॅटोचे सार किंवा तीन कप चहा पोटात जातो, त्याची खूण संध्याकाळच्या नोंदीत उमटते. पण पथ्याची यादी प्रत्येकाची वेगळी असते. मी एकेक पदार्थ दोन आठवडे बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला, तेव्हा कळले की मला चिंच आणि चहा चालत नाही, पण आमसुलाचे सार थोडे चालते.

उपचारांत सर्वांत अवघड गेली ती सर्वांत लहान गोळी. रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन लिहून दिले होते, आणि औषधाच्या दुकानात, चार माणसांसमोर, “ही डिप्रेशनची गोळी आहे, माहितीये ना?” असे मला विचारले गेले. ते औषध नैराश्यासाठी वापरले जाते हे खरे, पण लहान मात्रेत ते नसांमधून येणारा वेदनेचा संदेश मंदावते. डॉक्टरांनी हे मला आधी समजावले नसते, तर मी ते दुकानातच ठेवून घरी आले असते. तोंडाला कोरड पडते, सकाळी जड वाटते, आणि पहिल्या महिन्यातच रात्रीचे उठणे सातावरून चारावर आले. याच आजारावर दिल्या जाणाऱ्या पेंटोसान पॉलिसल्फेटच्या कॅप्सूलबद्दलही अनेकजणी मला विचारतात. हे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले, पण दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होत असल्याचे २०१८ मध्ये लक्षात आणून दिले गेले. तुम्हाला ते लिहून दिले असेल तर सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही डोळ्यांची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

दुखणे फार वाढले की मी मूत्राशयात औषध सोडून घेते: बारीक नळीतून हेपरिन आणि बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचे मिश्रण आत जाते आणि काही वेळ रोखून धरायचे असते. खरा उतार मात्र फिजिओथेरपीने दिला. सततच्या दुखण्याने माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले होते, आणि मी मोबाइलवर पाहून ते आणखी आवळण्याचे व्यायाम महिनाभर करत होते. स्नायू आधीच ताठलेले असतील तर तेच व्यायाम त्रास वाढवतात. मला ते सैल सोडायला शिकावे लागले, आणि ते आवळण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

यातले बहुतेक काही माझ्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. दुर्बिणीच्या तपासणीचे पैसे मिळाले. गोळ्या, फिजिओथेरपी, नळीतून दिलेले औषध हे सगळे खिशातून. प्रवासाचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. डोंबिवलीहून मुंबईत फोर्टला कामावर जायला मला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पुरुषांना फुकट असलेल्या सोयीसाठी बायकांकडून पैसे घेतले जातात हे त्या कार्यकर्त्यांनी पुढे आणले. त्या मोहिमेबद्दल मला मनापासून आदर आहे. घरून निघाल्यापासून पाणी न पिणाऱ्या बायका मी रोज डब्यात पाहते. मी स्वतः ठाण्याला उतरून, जाऊन येऊन, पुढची गाडी पकडते आणि त्यासाठी घरून २५ मिनिटे आधी निघते. कार्यालयात साहेबांना आजाराचे नाव सांगून जागा बदलून मागितली; दाराजवळचे टेबल मिळायला चार महिने आणि एक प्रमाणपत्र लागले.

आता नव्या डॉक्टरांकडे जाताना मी जाड फाइल पुढे करत नाही. वर एकच कागद ठेवते: दुखणे कधी सुरू झाले, साठल्यावर वाढते की करताना, तीन दिवसांचे आकडे, कोणती औषधे किती दिवस घेतली आणि त्यांनी काय झाले, कोणत्या तपासण्यांत काय नाही हे ठरले आहे. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी सवयीने प्रतिजैविक लिहिताना तो कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि गोळी बदलून दिली. सध्या रात्री दोनदा उठते. दिवाळीत दुखणे अकरा दिवस उसळले होते, फराळाच्या दिवसांत मी बहुतेक वेळ आडवीच होते, आणि त्या अकराही दिवसांच्या नोंदी वहीत आहेत.